ली श्यांगलान : निर्दोष ठरलेली, तरीही अपराधी

१/ जपानच्या शरणागतीनंतर, १९४५ साली, शांघायमध्ये एका विख्यात गायिका-अभिनेत्रीवर चीनशी देशद्रोह केल्याचा आरोप ठेवण्यात आला. या गुन्ह्याला मृत्युदंड होऊ शकत होता. तिचे नाव ली श्यांगलान आणि तिचा बचाव एकच : ती चिनी नव्हतीच.

२/ १९२० साली मांचुरियात एका जपानी कुटुंबात जन्मलेल्या या मुलीचे खरे नाव योशिको यामागुची. वडील रेल्वेच्या जपानी कर्मचाऱ्यांना चिनी भाषा शिकवीत, त्यामुळे ती भाषा तिला लहानपणापासूनच उत्तम अवगत होती. वडिलांच्या एका चिनी स्नेह्याने तिला मानसकन्या मानले आणि तेथील रिवाजानुसार ‘ली श्यांगलान’ हे नाव दिले. तेव्हा ते केवळ स्नेहाचे चिन्ह होते.

३/ पुढे जपानने मांचुरियात ‘मांचुकुओ’ हे अंकित राज्य उभे केले आणि १९३७ मध्ये तेथे प्रचारासाठी चित्रपटसंस्था काढली. तिला हवी होती मधुर गळ्याची आणि अस्खलित जपानी बोलणारी ‘चिनी’ तारका. १९३८ मध्ये योशिको पडद्यावर आली, ती ली श्यांगलान म्हणूनच. तिचे जपानीपण प्रेक्षकांपासून दडवण्यात आले.

४/ १९४० च्या ‘चीनच्या रात्री’ या चित्रपटात जपानी नायक तिला थप्पड मारतो आणि त्यानंतर ती त्याच्या प्रेमात पडते. जपानमध्ये तिची अफाट लोकप्रियता वाढली. चिनी मनाला मात्र हा दुहेरी अपमान वाटला : आधी मार, मग त्याबद्दल प्रेम. आणि तेही ‘आपल्याच’ मुलीकडून!

५/ तरीही तिच्या आवाजाला सीमा नव्हत्या. १९४४ चे ‘ये लाय श्यांग’ हे तिचे गीत शांघायमध्ये गाजले. पुढे तेरेसा तेंगनेही ते गायले.

६/ खटल्यात तिला वाचवले एका कागदाने. एका रशियन-ज्यू बालमैत्रिणीने तिच्या आईवडिलांकडून जपानी कुटुंबनोंदणीचा उतारा मिळवून दिला. परकीय व्यक्ती चीनची देशद्रोही कशी ठरणार? १९४६ मध्ये तिची सुटका झाली. जपानी घरात वाढलेल्या योशिको कावाशिमा या मांचू राजकन्येला मात्र असे नागरिकत्व सिद्ध करता आले नाही. १९४८ मध्ये तिला मृत्युदंड देण्यात आला.

७/ मायदेशी परतल्यावर यामागुचीने हॉलिवूडमध्येही काम केले. १९७४ ते १९९२ ती जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची सदस्य होती. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तिने त्या प्रचारपटांतील सहभागाबद्दल खंत व्यक्त केली. युद्धकाळात जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत लोटलेल्या स्त्रियांसाठी १९९५ मध्ये स्थापन झालेल्या निधीच्या कार्यातही तिचा पुढाकार होता. २०१४ मध्ये तिचे निधन झाले.

८/ पडद्यावर आली तेव्हा ती अवघी १८ वर्षांची होती. निर्णय घेणारे हात दुसऱ्यांचे होते. पण चेहरा आणि आवाज तिचाच होता. न्यायालयाने पाहिले ते तिचे राष्ट्रीयत्व, आणि तेथे ती सुटली. आपण काय केले, हा प्रश्न मात्र तिने स्वतःच आयुष्यभर जागता ठेवला. प्रचाराला राबलेल्या कलावंतांचा इतिहास वाचताना हे दोन्ही प्रश्न वेगळे ठेवावे लागतात.