पळीभर तेल आणि सातवी ब

मुलांनो, तुमच्या वर्गात सहलीवरून भांडण होतं का? आमच्याकडे दरवर्षी होतं. दिवाळीची सुट्टी संपली रे संपली, की एक गट ओरडतो, "सर, वॉटर पार्क!" दुसरा म्हणतो, "अजिंठा!" आणि तिसऱ्या गटाला कुठंही चालतं, फक्त बसमध्ये खिडकी पाहिजे. मागच्या खेपेला मी सरळ फळ्यावर लिहिलं, 'खानदेश'. वर्ग क्षणभर गप्प. मग शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, आपन ते खानदेशमाज शेतस ना!"

म्हणणं खरंच होतं. आम्ही धुळे जिल्ह्यातले. पण हात वर करायला सांगितले तेव्हा शिर्डी आणि वणी जवळजवळ सगळ्यांनी पाहिलेली निघाली. पाटणादेवी पाहिलेले तिघे, आणि तापी-पूर्णेचा संगम पाहिलेला एकही नाही! म्हणून दोन दिवसांचा बेत ठरला. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून पाटणादेवी, रात्री जळगावला मुक्काम. दुसऱ्या दिवशी चांगदेव, पद्मालय, आणि एरंडोल-पारोळ्यावरून घरी.

पहाटे पाचला एस.टी.ची सवलतीची बस निघाली. सहा वाजेपर्यंत निम्मे डबे संपले होते. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी... सहलीतली भूक काही वेगळीच असते, नाही का?

बसमध्ये मी नेहमीचं भाषण केलं. "जुन्या वास्तूंवर नावं लिहायची नाहीत, कोरायची नाहीत. तो मूर्खपणा आहे." हे वाक्य लक्षात ठेवा बरं का. पुढं त्याचं काम पडणार आहे.

चाळीसगावात केकी मूस यांचं घर पाहिलं, तेही घाईघाईत. १९१२ साली जन्मलेला हा कलावंत. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, त्यावर प्रकाश टाकायचा आणि त्यातून अख्खं दृश्य उभं करून त्याचा फोटो काढायचा, ही त्यांची खासियत. १९८९ साली ते वारले. कित्येक वर्षं ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत, आणि नाव मात्र दूरवर पोहोचलं! त्यांच्यावर पुन्हा कधीतरी सवडीनं लिहीन.

चाळीसगावपासून पाटणादेवी साधारण अठरा किलोमीटर. रस्ता हळूहळू डोंगरांच्या कुशीत शिरतो. हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं. इथं बिबट्या आहे हे ऐकल्यावर आमची रांग आपोआप सरळ झाली. एरवी मला शिट्टी वाजवून घसा कोरडा करावा लागतो. पावसाळ्यात आलात तर धवलतीर्थ आणि केदारकुंड हे धबधबेही पाहायला मिळतील. डोंगरात नागार्जुन लेणी, सीतेची न्हाणी आणि शृंगारचावडी आहेत. आणखी वर, कड्याच्या पलीकडे, पितळखोऱ्याची दोन हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी. ती आता छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात. पण लहान मुलांना घेऊन एका दिवसात हे सगळं होत नाही. पालकहो, तसा हट्ट धरू नका. पाय दुखायला लागले की मुलांना इतिहास दिसत नाही, फक्त बस दिसते.

आम्ही देवीच्या देवळात गेलो. काळ्या दगडाचं, जुन्या बांधणीचं देऊळ. दर्शन झाल्यावर मुलं निघालीच होती. मी म्हटलं, "थांबा. आपण ज्यासाठी आलो, ते तर राहिलंच."

या देवळात एक शिलालेख आहे. शिलालेख म्हणजे दगडावर कोरलेला मजकूर. तुम्ही म्हणाल, राजाची स्तुती असेल, लढाई असेल. स्तुती आहे थोडी. पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. हा लेख एका शाळेचा आहे!

भास्कराचार्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म इ. स. १११४. त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ ११५० साली पूर्ण केला. करा वजाबाकी. छत्तीस! (मीही त्याच वयाच्या आसपास आहे. माझ्या नावावर अजून फक्त हजेरीपत्रकं आहेत.) त्याचा पहिला भाग म्हणजे 'लीलावती'. त्यात भुंगे, माकडं, मोर आणि साप यांच्यावर गणितं घातलेली आहेत. त्यांचं जन्मगाव नेमकं कोणतं याबद्दल अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. पण पाटण्याशी या घराण्याचं नातं मात्र दगडावरच कोरलेलं आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ पुढच्या मुलांनी शिकावेत म्हणून त्यानं इथं मठ काढला. मठ म्हणजे तेव्हाची निवासी शाळाच म्हणा ना! आणि इथला सामंत सोइदेव, निकुंभ घराण्यातला, यानं त्या मठाला देणगी दिली. ती श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहण लागलं असताना दिली. लेखात शके ११२८ असं आहे. अभ्यासकांनी ग्रहणाचा हिशोब मांडला आणि दिवस काढला, ९ ऑगस्ट १२०७.

बघा गंमत! आकाशाचं गणित शिकवणारी शाळा, आणि तिच्या देणगीची तारीख आकाशानंच सांभाळून ठेवली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

लेख संस्कृतात आहे, पण शेवटी शेवटी तो चक्क मराठीत बोलू लागतो. जुनी मराठी, पण आपलीच. का बरं? माझा आपला तर्क असा, की श्लोक पंडितांसाठी होते आणि हे शेवटचं व्यापारी, तेली, गिऱ्हाईक यांच्यासाठी होतं. पैसे त्यांच्याकडूनच यायचे ना! पाटण्याच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून सरकारला मिळणारा करातला वाटा मठाला द्यायचा. आणि गावात तेलाचे जेवढे घाणे चालतात, त्या प्रत्येकाकडून एकेक पळी तेल.

"पळीभरच?" एका मुलीनं विचारलं.

"दर घाण्याकडून पळीभर. असे दहा घाणे असले तर?"

"दहा पळ्या. दिव्याला पुरेल, सर. रात्री अभ्यासाला."

तेल दिव्यासाठीच होतं असं दगड सांगत नाही. पण मला तिचं उत्तर आवडलं. शाळेला मिळणारं हे अनुदान वेळेवर यायचं की नाही, तेही दगडावर लिहिलेलं नाही!

तिथून आम्ही जवळच्या महादेवाच्या पडक्या देवळाकडे गेलो. मुलं खांबांभोवती पांगली. मी पाणी पीत होतो. तेवढ्यात आमच्या वर्गातला सर्वांत चौकस मुलगा धावत आला. त्याचा चेहरा असा, जणू गुप्तधन सापडलंय.

"सर, आठे तुम्हनं नाव लिखेल शे!"

माझ्या पोटात गोळाच आला. कारण मला लगेच आठवलं. २००२ साली, सातवीत असताना, मी शाळेच्या सहलीबरोबर इथं आलो होतो. कंपासपेटीतलं कर्कटक खिशात होतं. मित्रांनी पैज लावली होती. इतकी वर्षं मी ती गोष्ट सोयीस्करपणे विसरून गेलो होतो. दगड विसरला नव्हता. माझं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि खाली '७ वी ब'. अक्षर वाईट, ओळ वाकडी. आडनावातल्या वेलांटीचा तर पत्ताच नव्हता.

सगळा वर्ग गोळा झाला. कुणी हसलं नाही, हे जास्त कठीण होतं. सकाळचं भाषण सगळ्यांना आठवत होतं. मी म्हणू शकलो असतो, "ते दुसऱ्या कुणाचं असेल." खोटं सांगू नका, तुमच्याही मनात तेच आलं असतं! पण आडनाव आमचं इतकं वेगळं, की सुटका नव्हती.

"हो, मीच लिहिलंय," मी म्हणालो. "चूक झाली."

मी खाली वाकून ते खरडून काढायला लागलो. तिथं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी ओरडूनच थांबवलं. ते म्हणाले, "मास्तर, राहू द्या. खरडाल तर दगड आणखी जाईल. एकदा खराब केला, आता दुसऱ्यांदा नको." त्यांचं बरोबर होतं. ते नाव तसंच आहे. तुम्ही गेलात तर कदाचित तुम्हालाही दिसेल. कुठल्या खांबावर, ते मात्र मी सांगणार नाही.

जळगावला पोहोचेपर्यंत बस शांत होती. जेवल्यावर पोरं पुन्हा पोरं झाली.

दुसऱ्या दिवशी भुसावळवरून मुक्ताईनगरकडे निघालो. तालुक्यातल्या चांगदेव गावी तापी आणि पूर्णा एकमेकींना भेटतात. संगमाजवळ चांगदेवांचं जुनं दगडी मंदिर आहे. मंदिर बघत असताना अपेक्षित प्रश्न आलाच. "सर, कालचे चांगदेव ते हेच का?"

नाही. नाव एक, माणसं दोन. कालचे चांगदेव भास्कराचार्यांचे नातू, ज्योतिषी. त्यांचा लेख १२०७ चा. आजचे चांगदेव योगी, ज्ञानेश्वरांच्या काळातले, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरचे. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भावंडांना भेटायला निघाले ते हे. ज्ञानेश्वरांनी त्यांच्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांत उत्तर दिलं, ती 'चांगदेव पासष्टी'. मध्ये जवळजवळ नव्वद वर्षांचं अंतर. "म्हणजे एकच माणूस असणं शक्य आहे का?" मी ऐटीत विचारलं.

"शक्य आहे ना, सर," कालचाच चौकस मुलगा म्हणाला. "तुम्हीच सांगितलं, ते चौदाशे वर्षं जगले!"

आता यावर काय बोलणार? मग मला कथा आणि शिलालेख यांतला फरक समजावून सांगावा लागला. चौदाशे वर्षं हे लोकांनी भक्तीनं सांगितलेलं. १२०७ हे दगडावरून आणि ग्रहणावरून काढलेलं. दोन्ही ऐकावं, पण एकाच वहीत एकाच रकान्यात लिहू नये.

मुलींना मात्र चांगदेवांपेक्षा मुक्ताबाईत जास्त रस होता. एवढा मोठा योगी, आणि त्याची गुरू कोण, तर ही लहानशी मुलगी! परंपरेनुसार तिचं आयुष्य अवघं अठरा वर्षांचं. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. आषाढी वारीला मुक्ताईची पालखी इथून पार पंढरपूरपर्यंत चालत जाते. "इतकं चालायचं?" म्हणून ज्यांनी डोळे मोठे केले, ते सगळे कालच्या चढावर रडकुंडीला आलेले होते.

दुपारी पद्मालय. एरंडोलजवळ, झाडीत, तळ्याकाठी गणपतीचं देऊळ. इथं एकाच गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. तळ्यात कमळं. तिथंच डबे उघडले, आणि तिथंच माझा खटला चालला.

सुरुवात पळीभर तेलाचा हिशोब मांडणाऱ्या मुलीनं केली. "सर, आम्ही चूक केली तर तुम्ही शिक्षा देता. तुम्हाला कोण देणार?"

"तुम्ही द्या," मी म्हणालो.

पोरांनी तळ्याकाठी बैठक भरवली. बराच वेळ कुजबुज चालली. कुणी म्हणालं अंगठे धरायला लावा, कुणी म्हणालं शंभर वेळा लिहायला लावा. शेवटी निकाल लागला. सरांनी हे सगळं मासिकात नाहीतर साप्ताहिकात लिहून छापून आणायचं. नावासकट नाही, पण '७ वी ब' सकट. काही लपवायचं नाही.

म्हणून हा लेख.

पारोळ्यात किल्ल्याजवळ बस थोडी थांबली. अंधार पडत आला होता. दोघातिघांनी खिडकीतूनच तट पाहिला, बाकीचे झोपलेले. धुळ्याला पोहोचलो तेव्हा पालक वाट बघत उभे होते. एका वडिलांनी झोपाळू मुलाला खांद्यावर घेत विचारलं, "मंग, काय काय देखं रे?"

डोळे न उघडताच तो म्हणाला, "भास्कराचार्यना नातूना दगड. आनि आमना सरनं नाव."