कोटऱ्यातले राखणदार

भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादेत आमचं बैठं घर आहे. जवळच १९६५ साली बांधलेलं भदभदा धरण. मोठा तलाव भरला की त्याच्या ११ दारांपैकी काही उघडतात, आणि पाणी बघायला सारं शहर लोटतं.

त्या गर्दीतही काळू बाबांची स्कूटर आवाजावरून ओळखतो. चिमणी त्याहून शहाणी. दोघंही संकरित, जात विचारू नका! आईला कमी ऐकू येतं; दार वाजलं की चिमणी तिच्या पदराला नाक लावते.

दादा म्हणतो, "पुण्याला फ्लॅटवर चला."

आई म्हणाली, "तिथे दार वाजलेलं मला सांगणार कोण?"

दादा आता तळमजल्यावरचं, कुत्री चालतील असं घर शोधतोय.