पुन्हां बांकावर

ज्या मनुष्यानें ३० वर्षें दुसऱ्यांना शिकविण्यांत घालविलीं, त्याला पुन्हां बांकावर बसविणें यापरती कठीण शिक्षा नसेल. आम्हां प्राध्यापकांच्या वांट्याला ती सहसा येत नाहीं. एकदां तयार केलेल्या टिपणांवर आमचा जन्म निघून जातो. टिपणें पिवळीं पडतात. पण विद्यार्थी दरवर्षीं नवे येतात, म्हणून टिपणांचें वय कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. डॉक्टरांचें तसें नाहीं. महाराष्ट्रांत त्यांना दर ५ वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण करतांना, वर्गांना हजेरी लावून ३० गुण मिळविल्याचें दाखवावें लागतें. या हजेरीची माझे स्नेही डॉक्टर आणि मी पुष्कळ थट्टा करीत आलों आहों. मागल्या मे महिन्यांत ते अशाच एका वर्गाला निघाले, तेव्हां केवळ सोबत म्हणून मीहि त्यांच्या मोटारींत बसलों.

विषय तांतडीच्या उपचारांचा होता. सभागृहांत चाळीस-पन्नास डॉक्टर होते. बहुतेकांचे केंस पिकलेले. जाजमावर रबरी पुतळे निजविले होते आणि तिशीच्या आंतल्या एक डॉक्टरीणबाई शिकवीत होत्या. साठी गांठलेले आमचे डॉक्टर गुडघे टेंकून पुतळ्याची छाती दाबूं लागले.

"सर, आणखी खोल. दोन इंच तरी हवें. आणि मिनिटाला १०० ते १२० वेळां," बाई नम्रपणें पण ठासून म्हणाल्या.

डॉक्टरांना घाम फुटला. त्यांच्या विद्यार्थिदशेंत एकट्या माणसानें १५ दाबांमागें २ श्वास द्यावे असें शिकवीत. २००५ सालीं तें प्रमाण ३० दाबांना २ श्वास असें झालें. २०१० सालीं 'आधीं श्वास' हा क्रमहि गेला आणि मोठ्या माणसाला आधीं दाब, मग श्वास, असें ठरलें. जो उपचार १९६० सालीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्समधून जगापुढें आला, त्याचा क्रम पन्नास वर्षांनीं उलटावा, याची मला मोठी मौज वाटली. "आमच्या काव्यशास्त्रांत बुवा असें होत नाहीं," असें मीं डॉक्टरांच्या कानांत म्हटलेंहि.

दुपारीं विषबाधेचा पाठ झाला. विंचवाच्या दंशानें हृदयावर येणारें संकट प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधानें टाळतां येतें, हें कोंकणांत खेडोपाडीं रोगी तपासणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीं १९८६ सालीं 'लॅन्सेट'मध्यें मांडलें, असें बाईंनीं सांगितलें. ज्ञान नेहमींच सातासमुद्रांपलीकडून येतें असें नाहीं, हें ऐकून सभा सुखावली. मग पडद्यावर चार ओळी आल्या : रात्रीं जमिनीवर निजलेला माणूस, पहांटे पोटांत कळा, जड झालेल्या पापण्या, अंगावर दंशाची खूण नाहीं.

"काय असेल?" बाईंनीं विचारलें. कोणी अपचन म्हणाले, कोणी आणखी कांहीं.

"मण्यार," बाई म्हणाल्या. "तिचा दंश दुखत नाहीं, खूणहि बहुधा दिसत नाहीं. प्रतिविष द्या, आणि श्वास मंदावला, तर हवेची पिशवी दाबीत रोग्याला मोठ्या इस्पितळापर्यंत न्या. श्वास चालूं ठेवला, तर असा रोगी पुन्हां उठून बसतो."

डॉक्टरांनीं लेखणी खालीं ठेवली. त्यांच्याकडे पाहण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

१९९३ सालच्या श्रावणांत, कोंकणांतल्या आमच्या गांवीं, माझा बारा वर्षांचा आतेभाऊ पोटांत कळा येतात म्हणून पहांटे यांच्याकडेच नेला होता. ते तेव्हां नुकतेच गांवांत आले होते. त्यांनीं पोटाचें औषध दिलें. पोराच्या पापण्या मिटत होत्या. पण रात्रभर झोंप नाहीं, असें आम्हीच सांगितलें. दुपारपर्यंत सारें संपलें. कोणीं त्यांना बोल लावला नाहीं. आत्या दरवर्षीं त्यांना आंब्यांची पेटी पाठवीत आली आहे.

परततांना आम्ही बोललों नाहीं. आठव्या दिवशीं डॉक्टरांनीं मला बोलावून घेतलें. समोर त्यांचें विद्यार्थिदशेंतलें जाडें पुस्तक उघडें होतें. मण्यारीच्या विषाच्या वर्णनांत पोटदुखीचा उल्लेख होता आणि त्याखालीं पेन्सिलीची रेघ.

"रेघ माझीच आहे, प्रोफेसर," ते म्हणाले. "परीक्षेपुरतें मला हें येत होतें. कांहीं नवें शोधून काढायचें नव्हतें. वाचलेलें पुन्हां वाचायचें होतें."

"गांवांत प्रतिविष तरी कुठें होतें? तालुकाहि दूर," मीं म्हटलें.

"तें खरें. पण मीं तें मागितलेंच नाहीं, हेंहि खरें."

दुसऱ्या दिवशीं ते हट्टानें मला घेऊन आत्याकडे गेले. आत्या आतां ऐंशीच्या पुढें आहे. ती वाती वळीत बसली होती. डॉक्टरांनीं कांहींएक न लपवितां सगळें सांगितलें. तिचे हात थांबले. बऱ्याच वेळानें तिनें विचारलें,

"आतां ओळखाल ना?"

"ओळखीन."

"मग झालें," ती म्हणाली आणि तिनें कापूस पुन्हां हातांत घेतला.

डॉक्टरांच्या मेजाशेजारीं आतां ती हवेची पिशवी टांगलेली असते. दर महिन्याला एका संध्याकाळीं ते कंपाउंडरला आणि परिचारिकांना जमवून ती दाबायला लावतात, आणि स्वतःहि दाबतात. गुणांची थट्टा आम्ही आतां करीत नाहीं.

जूनमध्यें कॉलेज उघडण्यापूर्वीं मीं माझीं टिपणें कपाटांतून काढलीं. पहिल्या दहा पानांतच चार चुका सांपडल्या. माझ्या चुकांनीं कोणाचा जीव जात नाहीं. बहुधा म्हणूनच त्या इतकीं वर्षें टिकल्या.