तंबोरा फुगतो तेव्हा

ओझर, रात्र. मैफलीचं ध्वनिमुद्रण ऐकतोय आणि चरफडतोय. गवई थांबले की तंबोरा फुगतो, तान आली की दबतो. सगळी आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणाऱ्या ‘ऑटो लेव्हल’ची करामत! नवा रेकॉर्डर घेताना ती बंद करता येते का, हे आधी बघायचं. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ पुरे. चढी तान उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवायची. 32 बिट फ्लोट असेल तर आवाज फाटायची धास्तीही कमी. डोक्यावरून जाणाऱ्या सुखोई विमानाला मात्र इलाज नाही.

तरी ध्वनिमुद्रण हवंच. गायक द. वि. पलुसकर 1955 साली, अवघ्या 34व्या वर्षी गेले. त्यांचं गाणं जेमतेम तीन मिनिटांच्या तबकड्यांनीही जपलं. आपल्या खिशात तासन्‌तास मावतात. फक्त बटण दाबण्याआधी गायकाला विचारावं.