साडेअकराचो

आमच्या मिठबावच्या घरात रोज रात्री एक जण येतो. कुत्रं भुंकत नाही, कुणी उठून दार उघडत नाही. काका घोरायला लागले, सुनेने भांडी आवरून माजघरातला दिवा घालवला, की काकी रिमोटच्या प्लास्टिकच्या पिशवीवरचं रबर नीट करते, आवाज सहावर आणते आणि तो येऊन बसतो. त्याचं छापील नाव पुनःप्रक्षेपण. काकी त्याला ‘साडेअकराचो’ म्हणते.

आठ वाजता येतो तो याचा थोरला भाऊ. अंगावर तेच कपडे, तोंडी तीच वाक्यं, पण थाट मोठा. त्याच्यासमोर सून, नातवंडं, शेजारची दोन पोरं अशी सभा भरते. काकीला तेव्हा जागा नसते आणि वेळ तर नसतोच. एप्रिल-मेमध्ये त्या वेळी ती पडवीत पेंढा पसरून हापूसच्या पेट्या भरत असते. टेम्पो रात्रीच वाशीला सुटायचा असतो. पावसाळ्यात थोरला स्वतःच दांडी मारतो. ढग दाटले की डिशच्या छत्रीला सिग्नल मिळत नाही, नाहीतर लाइटच गेलेली. धाकटा पाऊस ओसरल्यावर येतो आणि ‘होतीस कुठे’ असं विचारत नाही. पाच मिनिटांत डुलकी लागली तरी त्याला राग नाही. खोड्या मात्र आहेत: कधी तीन मिनिटं आधीच सुरू होतो, कधी ऐन शेवटचा प्रसंग गाळून निघून जातो.

मी एकदा म्हटलं, “काकी, सुनेन जेवताना सगळा सांगल्यान मां? मगे कित्याक बघतंस?”

“माका म्हायत आसा तो मरतलो. पण कसो मरता तां बघूक नको?”

हे तिला टीव्हीने शिकवलेलं नाही. जत्रेत रात्रभर धयकालो, म्हणजे दशावतार, बघणाऱ्याला संकासुर मरणार, कीचक मरणार हे लहानपणापासून ठाऊक असतं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, संवाद रंगमंचावरच सुचतात, म्हणून तोच कीचक दर गावात वेगळा मरतो. साडेअकराच्याला ती सोय नाही. तो काल जसा मेला तसाच आज मरतो. वेगळेपण बघणाऱ्याने आणायचं. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका 2016 साली सुरू झाली, चित्रीकरण आकेरीच्या वाड्यात. पहिल्यांदा बघताना काकी भ्यायली. पुन्हा बघताना तिने वाड्याचे वासे बघितले, मागचे माड बघितले आणि कुणाची मालवणी घरची व कुणाची पाठ केलेली, याचा निकाल दिला. तो निकाल आजतागायत बदललेला नाही.

साडेअकराच्याचं कूळ शोधत गेलं तर एक धागा अमेरिकेतल्या बाळंतपणाशी पोचतो. ‘आय लव्ह लुसी’ची नायिका ल्युसिल बॉल 1953च्या जानेवारीत बाळंत झाली. तिला विश्रांती हवी, म्हणून जुने भाग पुन्हा लावले, आणि लोकांनी तेही हौसेने बघितले. मालिका फिल्मवर चित्रित केलेली होती म्हणून हे जमलं. एका बाळंतिणीच्या सवडीसाठी धावून आलेला हा गडी आमच्या काकीच्या सवडीने आला, यात मला नवल वाटत नाही.

2020च्या लॉकडाऊनमध्ये त्याला काही महिने राज्य मिळालं. चित्रीकरणं थांबली, दूरदर्शनने 28 मार्चपासून 1987 सालचं ‘रामायण’ परत आणलं, आणि धाकटा थोरल्याच्या पाटावर बसला. मग मालिकांची चित्रीकरणं सुरू झाली आणि त्याची रवानगी पुन्हा साडेअकराला.

त्याला जागे राहणारे फार नाहीत. सड्यावर कलमांची राखण करणारे नेपाळी गडी, पहाटेच्या भरतीची वाट बघत पडलेला एखादा होडीवाला, आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं कुणी. ही माणसं हिशेबात येत नाहीत. देशात कोण काय बघतं याची मोजदाद काही हजार घरांतल्या मीटरवरून चालते, आणि आमच्या घरात मीटर आहे तो फक्त विजेचा.

पुतण्याचं कर्तव्य म्हणून मी काकीच्या मोबाइलवर ॲप घालून दिलं. हवा तो भाग, हवा तेव्हा. तिने दोन दिवस बोट फिरवलं आणि फोन परत केला. “तो आपणहून येता रे. हेच्यात आपणाक जावचा लागता.” यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

गेल्या महिन्यापासून मात्र तो येत नाही. वाहिनीने ती अर्ध्या तासाची जागा गुडघेदुखीच्या तेलवाल्याला विकली. काकी दोन-तीन रात्री सहाच्या आवाजावर तेलवाल्याकडे बघत बसली, मग टीव्हीची पिन काढून निजली.

वाहिनीवाल्यांनो, काकीचे गुडघे ठणकतात हे खरं आहे. पण त्यासाठी घरात उंडीचं तेल आहे. तिचा साडेअकराचो तेवढा परत पाठवा.