तहान लागण्यापूर्वी

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी आम्ही उभयता खोपोलीजवळच्या इमॅजिकात दोन दिवसांच्या मुक्कामास गेलो. पहिल्याच दिवशी सारे पाहण्याचा हट्ट माझा. रांगेत पत्नी दोनदा म्हणाली, "अहो, जरा बसू या." मी ऐकले नाही, दुपारी भोवळ आली ती मलाच. सावलीत बसवून तिने मला घोटघोट पाणी पाजले.

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी घ्यावे; हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. आणि सोबतीने 'बसू या' म्हटले, की बसावे. कदाचित ते आपल्यासाठीच असते.

संध्याकाळी बाकावर बसून आम्ही इतरांचे पाळणे पाहिले. उरलेले सारे उद्यावर सोडले.