बाटली

त्या दिवसांत मी घरी आलो की आमच्या सौभाग्यवती दारातच नाकाला पदर लावीत. थायोग्लायकॉलिक आम्लाचा वास साबणाला दाद देत नाही. केस कुरळे करण्याच्या औषधात हेच आम्ल असते म्हणे. सौंदर्यासाठी माणसे काय काय सोसतात!

खटाटोप होता क्वांटम डॉट बनविण्याचा. कॅडमियम टेल्युराइडचे हे कण दोन-चार नॅनोमीटरचे. अशा कणांसाठी एकिमॉव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना २०२३ चे नोबेल मिळाले. बावेंडींची १९९३ ची रीत तेलकट द्रावकातली. पेशीचा संसार मात्र पाण्यातला. म्हणून आम्ही पाण्याचीच वाट धरली. टेल्युरियमच्या भुकटीवर सोडियम बोरोहायड्राइड, वर नायट्रोजन, कारण हवा लागली की सारे मुसळ केरात! मग ते कॅडमियम क्लोराइड आणि आम्लाच्या अल्कधर्मी द्रावणात सोडून उकळत ठेवायचे. आम्लातला गंधक कणाला धरून ठेवतो, दुसरे टोक पाण्याशी जमवून घेते.

मधून मधून थेंब काढून अतिनील दिव्याखाली धरायचा. आधी हिरवा, मग पिवळा, नारिंगी, आणि रात्री तांबडा. पदार्थ तोच, कण वाढला की रंग पालटतो. माझा विद्यार्थी थेंब पाहता पाहता जेवणाचा डबा विसरे.

यीस्टच्या पेशींवर ते कण चढवले. सूक्ष्मदर्शकात तांबडे ठिपके चमकले आणि आम्ही दोघे वेड्यासारखे हसलो. दुसऱ्या दिवशी त्या पेशी वाढेनात. कॅडमियम विषारी, हे मी वर्गात किती वर्षे शिकवीत होतो!

पोरगा भांडी विसळायला उठला. "सर, हे बेसिनमध्ये ओतू?"

याआधीची धुवणे मीच ओतली होती. त्याची आजी रोज पहाटे रामकुंडावर स्नानाला जाते, हेही मला ठाऊक होते. बेसिनचे पाणी कुठे जाते, हे मी उभ्या आयुष्यात प्रथमच शिपायाला विचारले. त्याने नुसता गोदावरीच्या दिशेने हात केला.

मग ते सारे एका बाटलीत साठवले. पुढे आम्ही सायट्रिक आम्लापासून कार्बनचे कण केले. निळे चमकतात, तांबडे होण्याचे नाव नाही. पण यीस्ट जगले.

बाटली अजून कपाटात आहे. असला कचरा नेणारे एका बाटलीसाठी येत नाहीत. मार्चमध्ये मी निवृत्त होतो. कपाटाची किल्ली कोणाच्या हाती द्यावी, हे ठरत नाही.